नाव नवे, साचा जुना : भागीदारीतल्या मोटार कंपन्या मागचेच मॉडेल पुन्हा का विकतात?

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची रोजी मोटारगाडीवर अवलंबून आहे. गाडी कारखान्यात बनते तिथे नव्हे, ती रस्त्यावर आल्यानंतर. कोणाचे गॅरेज आहे, कोणाचे सुट्या भागांचे दुकान. कोणी सीट कव्हर शिवतो, कोणी डेंटिंग-पेंटिंग करतो, कोणी रेडिएटरला टाका मारतो, कोणी जुन्या गाड्यांची दलाली करतो आणि शेवटी कोणीतरी त्याच गाडीचे भंगार तोडतो. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत आणि चौफुला यांच्या मध्ये असलेले भांडगाव घ्या. अशा रस्त्यावरच्या गावात बंद पडून येणारी गाडी पुण्याची असते, सोलापूरची असते, कधी हैदराबादची असते. मिस्त्रीने ती आधी उघडलेली असेलच असे नाही. समोर उभ्या असलेल्या गाडीचे खरे घराणे कोणते हे ज्याला ओळखता येते, त्याचे काम तासाभरात होते. ज्याला येत नाही तो पुण्याला नाना पेठेत माणूस पाठवतो आणि गिऱ्हाईक दिवसभर चहा पीत बसते.

घराणे ओळखणे अवघड होते, कारण एकच गाडी वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. त्यातही एक प्रकार असा की, परदेशात जुने झालेले मॉडेल इथे भागीदारीतली कंपनी नवे नाव आणि नवा बिल्ला लावून विकते. गिऱ्हाईक म्हणते, ‘फसवले.’ कंपनी म्हणते, ‘भारतासाठी खास गाडी.’ दोघांचेही पूर्ण खरे नाही. यामागे एक सरळ व्यापारी हिशेब असतो आणि एक करारनामा असतो. हे दोन समजले की दुकानात कोणता माल भरावा आणि कोणता भरू नये हेही बरेचसे समजते. त्यासाठी लांब जायला नको, आपल्या नाशिकचेच उदाहरण पुरेसे आहे.

नाशिकची लोगन, नाशिकचीच व्हेरिटो

महिंद्र अँड महिंद्र आणि फ्रान्सची रेनो यांनी २००५ मध्ये भागीदारीचा करार केला. महिंद्रचा वाटा ५१ टक्के, रेनोचा ४९ टक्के. या कंपनीने २००७ मध्ये ‘लोगन’ ही मोटार बाजारात आणली. गाडी नाशिकच्या कारखान्यात बनत होती आणि तिच्यावर दोन्ही कंपन्यांची नावे होती.

लोगन ही मुळात रुमानियाची गाडी. तिथल्या डाचिया या कंपनीची मालकी रेनोने १९९९ मध्ये घेतली आणि ५,००० युरोच्या आसपास किंमत बसेल अशी गाडी तयार करायचे ठरवले. ती गाडी २००४ मध्ये आली. कारागिराने तिच्याकडे मुद्दाम पाहावे अशी तिची घडण आहे. बाहेरचे आरसे डाव्या-उजव्या बाजूला एकाच साच्याचे, म्हणजे दोन डाय ऐवजी एकच. डॅशबोर्ड शक्यतो एकाच तुकड्यात ओतलेला. काचांना बाक कमी. पैसा कुठे वाचवायचा हे ज्याने ठरवले तो हिशेबी माणूस होता.

भारतात मात्र गणित जमले नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने छोट्या मोटारींवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी मोटार कोणती? लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपेक्षा मोठे नको. लोगनचे डिझेल इंजिन १४६१ सीसीचे, म्हणजे ते नियमात बसत होते. पण गाडीची लांबी साधारण सव्वाचार मीटर. त्या पाव मीटरसाठी गाडीवर जादा शुल्क बसले आणि ‘स्वस्त मोठी गाडी’ ही तिची ओळखच पुसली गेली. सुरुवातीच्या खपानंतर विक्री घसरली. एप्रिल २०१० मध्ये रेनोने आपला वाटा महिंद्रला विकला. रेनोने तोवर निस्सान या भावकीतल्या कंपनीबरोबर चेन्नईजवळ ओरगडम येथे स्वतःचा कारखाना उभा केला होता.

इथून पुढचा भाग आपल्या विषयाचा आहे. भागीदारी मोडली, पण नाशिकला डाय होते, जुळणीची ओळ होती, माल पुरवणारे कारखानदार तयार झालेले होते आणि शिकलेले कामगार होते. रेनोने इंजिन व इतर तांत्रिक मदत परवान्याने देत राहण्याचे कबूल केले. नाव मात्र परत मागितले. म्हणून २०११ मध्ये तीच गाडी ‘महिंद्र व्हेरिटो’ झाली. गाडी होती तीच, फक्त बिल्ला बदलला. २०१२ मध्ये पुढचे दिवे, बंपर आणि मागचा भाग थोडा बदलला. त्याच वर्षी युरोपात लोगनची दुसरी पिढी आली. ती आपल्याकडे आली नाही, येणारही नव्हती, कारण तिच्यावर महिंद्रचा हक्कच नव्हता. २०१३ मध्ये महिंद्रने मागचा भाग कापून ‘व्हेरिटो व्हाइब’ काढली. तिची लांबी ४ मीटरच्या आत बसवली होती. २००७ सालीच जी कात्री लागायला हवी होती ती सहा वर्षांनी लागली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

डायचा हिशेब

जुने मॉडेल कंपनीला का परवडते, हे समजायला आपल्या धंद्यातलीच उपमा घेऊ. चप्पल बनवणाऱ्याला प्रत्येक मापाचा फर्मा लागतो. फर्मा एकदा केला की त्यावर हजारो जोड निघतात. पहिल्या शंभर जोडांवर फर्म्याचा खर्च चढलेला असतो. दहा हजारव्या जोडावर तो नावालाही उरत नाही. मोटारीचे तसेच आहे, फक्त आकडे मोठे. दार, बॉनेट, छत, मडगार्ड या प्रत्येक पत्र्यासाठी प्रेसवर डायचे संच लागतात. शिवाय वेल्डिंगचे फिक्स्चर, प्लॅस्टिकचे मोल्ड, चाचण्या.

हिशेबापुरते आकडे धरू. एखाद्या नव्या मॉडेलच्या डाय आणि फिक्स्चरना २०० कोटी रुपये लागले आणि त्यावर एकूण १ लाख गाड्या विकल्या गेल्या, तर प्रत्येक गाडीवर २०,००० रुपये खर्च चढतो. परदेशात बंद झालेल्या मॉडेलचे तेच सामान २० कोटींत मिळाले, तर गाडीमागे फक्त २,०००. आता समजा खप लाखाचा न होता २५,००० गाड्यांवरच थांबला. नव्या मॉडेलवर गाडीमागे ८०,००० रुपयांचा बोजा, जुन्यावर ८,००० चा. ज्या बाजारात किती खप होईल हेच ठाऊक नाही, तिथे परका भागीदार जुने डाय घेऊन येतो याचे कारण या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. नफा जास्त मिळावा हे कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे बुडाले तर कमी बुडावे.

दुसरी बाजू विकणाऱ्याची. युरोपात जे मॉडेल बंद झाले त्याचे डाय गोदामात पडून असतात. त्यांचा खर्च तिथे केव्हाच वसूल झालेला असतो. ते भागीदारीत आपल्या भांडवलाचा भाग म्हणून आणता येतात, किंवा विकता येतात, आणि वर प्रत्येक गाडीमागे रॉयल्टीही घेता येते. भंगारच्या भावाने जाणारा माल भांडवल म्हणून मांडला जातो. आपल्याकडचा भागीदार इथे कच्चा पडला तर करारातच मार खातो. भागीदारीत जुने यंत्र घेऊन येणाऱ्या भागीदाराला त्या यंत्राची किंमत कोण ठरवणार, हा प्रश्न पॉवरलूमवाल्यांनाही नवा नाही.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. गाडीचे हजारो भाग असतात आणि ते बहुतेक बाहेरचे कारखानदार बनवतात. एखादे मॉडेल देशात पाच-सात वर्षे बनले की त्याचे बरेचसे भाग देशातच बनू लागतात. नवे मॉडेल आणले की पुन्हा आयात, पुन्हा जकात, पुन्हा डॉलरचा भाव. सरकारनेही याला हातभार लावला. १९९७ च्या धोरणात परदेशी मोटार कंपन्यांना अशी अट होती की, गाडीतला देशी माल तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के झाला पाहिजे. जागतिक व्यापार संघटनेत वाद गेल्यावर २००२ पर्यंत ही अट गेली. पण तोपर्यंत कंपन्यांना एक गोष्ट कळली होती : जे मॉडेल स्थिर आहे, बदलत नाही, त्याचेच देशीकरण लवकर होते. दरवर्षी बदलणाऱ्या गाडीसाठी कोणता लघुउद्योजक मोल्ड करून देईल?

चार कारखाने, चार जुन्या गाड्या

१९९१ नंतर परदेशी भांडवलाला दार उघडले आणि १९९३ मध्ये मोटार उद्योगाचे परवाने गेले. त्यानंतरच्या तीन वर्षांत एकट्या महाराष्ट्रात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कल्याणला प्रीमियर आणि प्यूजो यांच्या भागीदारीत ‘३०९’ बनू लागली. ही गाडी युरोपात १९८५ ची आणि १९९३ मध्ये तिकडे बंद झालेली. कुर्ल्याला फियाटच्या भागीदारीत १९९६ मध्ये ‘युनो’ आली, ती युरोपात १९८३ ची. नाशिकला महिंद्र आणि फोर्ड यांनी १९९६ मध्ये ‘एस्कॉर्ट’ काढली, ती १९९० ची. पिंपरीला टेल्को आणि मर्सिडीज यांनी १९९५ मध्ये जी ई-क्लास जोडायला घेतली, तिची जागा घेणारे नवे मॉडेल त्याच वर्षी युरोपात आले होते. चारही भागीदाऱ्या आणि चारही मॉडेले मागची.

मर्सिडीजचे सर्वात वाईट झाले. ज्याच्यापाशी वीस-पंचवीस लाख रुपये मोटारीवर घालायला होते, तो माणूस परदेशी जाऊन येत होता. तिकडे नवी गाडी त्याने पाहिली होती. यातून धंद्याची एक गोष्ट कळते. जुने मॉडेल टॅक्सीवाल्याला, सरकारी खात्याला, लहान गावच्या डॉक्टरला विकता येते, कारण त्याला दुरुस्ती आणि किंमत पाहायची असते. दिखाव्यासाठी घेणाऱ्याला ते विकता येत नाही.

चारही भागीदाऱ्या टिकल्या नाहीत. प्यूजो १९९७ मध्ये निघून गेली. फियाट, फोर्ड आणि मर्सिडीज यांनी आपल्या कंपन्यांचा ताबा पुढे स्वतःकडे घेतला. सर्वात जास्त झळ ३०९ घेतलेल्यांना बसली. कारखाना बंद झाला आणि सुट्या भागांसाठी मालकांची धावाधाव सुरू झाली. तरी एका गोष्टीने त्यांना थोडा हात दिला. ३०९ चे दीड लिटरचे डिझेल इंजिन आणि मारुतीने एस्टीम व झेनच्या डिझेल गाड्यांत घातलेले इंजिन एकाच प्यूजो घराण्यातले होते. ज्या मिस्त्रींना हे ठाऊक होते त्यांनी दोन्हीकडचे काम केले. आणि गंमत पाहा, प्रीमियरने २००९ मध्ये चिंचवडला ‘रिओ’ काढली. तिचा सांगाडा चीनच्या झोटये कंपनीकडून आलेला, झोटयेने तो जपानच्या दाइहात्सूच्या १९९७ च्या ‘टेरिओस’वरून घेतलेला, आणि आत सुरुवातीला इंजिन ते जुने प्यूजोचेच. भागीदार जाऊन बारा वर्षे झाली, तरी त्याचे इंजिन घरातच होते.

नाव कोणाचे?

आतापर्यंत मॉडेल जुने का याचा विचार झाला. नाव का बदलते हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर डायमध्ये नाही, करारनाम्यात आहे.

प्रीमियरचीच हकीकत घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने कुर्ल्याला फियाट ११०० वर्षानुवर्षे परवान्याने बनवली. पुढे परवान्याची मुदत संपली. गाडी बनवण्याचे ज्ञान आणि साधने प्रीमियरकडे राहिली, पण ‘फियाट’ हे नाव फियाटचे. म्हणून ती गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. इटलीत हे घराणे १९६९ मध्येच संपले होते. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तीही वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. म्हणजे कंपनीचा परवाना संपल्यानंतर पन्नास वर्षे त्या साच्याने घरे चालवली. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील भागवाल्यांना आणि मिस्त्रींना यातून किती वर्षे काम मिळाले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मूळ कंपनीच्या मॉडेल-यादीपेक्षा रस्त्यावरचे आयुष्य मोठे असते, आणि आपला धंदा रस्त्यावरच्या आयुष्यावर चालतो.

तेव्हा नाव बदलण्याचा पहिला प्रकार हा : भागीदार गेला, नाव घेऊन गेला. लोगनची व्हेरिटो याच कारणाने झाली.

दुसऱ्या प्रकारात भागीदार जागेवरच असतो, पण त्याला आपले नाव जपायचे असते. नवे मॉडेल तो आपल्या बिल्ल्याने, चढ्या भावाने विकतो. जुने मॉडेल त्याच बिल्ल्याने शेजारी उभे केले तर गिऱ्हाईक विचारणार, ‘दोन्ही तुमच्याच, मग तीन लाखांचा फरक कशाचा?’ म्हणून जुन्याला वेगळे नाव देतात. याचे मोठे उदाहरण चीनचे. तिथे १९९४ पासून परदेशी मोटार कंपनीला भागीदारीत ५० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा घेता येत नव्हता. ही मर्यादा साध्या मोटारींसाठी २०२२ मध्ये उठली. २०१० च्या सुमारास चिनी सरकारने जोर धरला की, भागीदारीतल्या कंपन्यांनी स्वतःचा ब्रँड काढावा. सरकारला हवे होते की चिनी इंजिनिअरांनी गाडी घडवायला शिकावे. परदेशी भागीदारांनी पळवाट काढली. होंडाच्या भागीदारीने २०११ मध्ये ‘ली नियान’ या नव्या नावाने जी गाडी आणली ती मागच्या पिढीची ‘सिटी’ होती. निस्सानच्या भागीदारीने २०१२ मध्ये ‘व्हेनुसिया’ नावाखाली ‘टीडा’च्या सांगाड्यावर गाडी उभी केली. कागदावर नवा चिनी ब्रँड झाला, सरकार खूश. खाली वसूल झालेला साचा, भागीदार खूश. नवे तंत्र कोणाच्या हाती लागले नाही. ज्याने शिकायचे होते तो चिनी भागीदार किती शिकला, हा प्रश्नच आहे.

परदेशी भागीदाराची यातली भीती खरी असते, हेही मान्य केले पाहिजे. आजचा भागीदार उद्याचा स्पर्धक होऊ शकतो. कोणताही उस्ताद शागिर्दाला पहिल्या वर्षी सगळी कला देत नाही. जुने तंत्र दिले, तर तो वेगळा झाला तरी दहा वर्षे मागे राहील, असा त्याचा हिशेब.

तरीही जुने तंत्र घेऊन कोणीच पुढे जात नाही असे समजू नये. लोगन घडवणाऱ्या रुमानियाच्या त्याच डाचियाने १९६९ पासून २००४ पर्यंत रेनोची ‘१२’ नंबरची गाडी ‘डाचिया’ या नावाने बनवली. फ्रान्समध्ये ती १९८० मध्ये बंद झाली होती. आणि ज्या वर्षी ती थांबली त्याच वर्षी त्या कारखान्यातून लोगन निघाली. पस्तीस वर्षे दुसऱ्याचा जुना साचा ठोकणाऱ्यांच्या कारखान्यातून अखेर साऱ्या जगात विकली गेलेली गाडी आली. आपल्या महिंद्रनेही नंतर स्वतःच्या गाड्या उभ्या केल्याच.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. बिल्ला बदललेली प्रत्येक गाडी जुनी नसते. टोयोटाची २०१९ ची ‘ग्लान्झा’ ही मारुतीची चालू ‘बलेनो’च होती. रेनोने २०१२ मध्ये विकलेली ‘पल्स’ ही निस्सानची ‘मायक्रा’. या दोन्हीत चालू माल वाटून घेतलेला आहे. उलट बाजूने, बिल्ला तोच राहूनही गाडी जुनी असू शकते. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, स्कोडाने नवी ऑक्टेव्हिया ‘लॉरा’ नावाने विकली आणि जुनी ‘ऑक्टेव्हिया’ त्याच नावाने २०१० पर्यंत चालू ठेवली. तिथे भागीदारही नव्हता, तरी हिशेब तोच होता.

आपल्या दुकानात याचा उपयोग

आता आपल्या कामाचे. भांडगावहून चौफुल्याला जाऊन न्हावऱ्यामार्गे शिरूर तालुक्यात उतरले की रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. तिथे टाटा आणि फियाट यांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा कारखाना आहे. या कारखान्याने १.३ लिटरचे जे डिझेल इंजिन बनवले त्याची नावे मोजा : फियाटमध्ये ‘मल्टिजेट’, टाटाच्या गाड्यांत ‘क्वाड्राजेट’, मारुतीत ‘डीडीआयएस’. मारुतीने ते मानेसर-गुडगावकडे स्वतःही बनवले आणि काही काळ रांजणगावहून विकतही घेतले. प्रीमियर रिओतही पुढे हेच आले. चार बिल्ले आणि इंजिनाचे घराणे एक. ज्या दुकानदाराने या इंजिनाचे ऑइल फिल्टर, टायमिंग चेन किट आणि गॅस्केट ठेवले, त्याच्याकडे चारही बिल्ल्यांचे गिऱ्हाईक आले.

पण घराणे एक म्हणजे सगळेच भाग एक, असे धरून माल भरला तर तो अंगावर पडेल. लोगन-व्हेरिटोचे १४६१ सीसीचे डिझेल इंजिन रेनोच्या ‘डस्टर’मध्ये आणि निस्सानच्या ‘सनी’, ‘मायक्रा’, ‘टेरानो’तही होते. तरी लोगनमध्ये ते ६५ अश्वशक्तीचे आणि डस्टरमध्ये ८५ व ११० अश्वशक्तीचे. टर्बो आणि इंजेक्टर यांच्या बाबतीत ‘बसते का पाहू’ चालत नाही. तिथे पार्ट नंबर जुळवूनच माल द्यावा. गिऱ्हाईक बिल्ल्याचे नाव सांगेल, सांगू द्यावे. आपण गाडीच्या प्लेटवरचा नंबर, इंजिन नंबर आणि बनल्याचे वर्ष वहीत उतरवून घ्यावे. वर्षाला यात फार महत्त्व आहे. लोगनचा बंपर २०११ च्या व्हेरिटोला चालेल, २०१२ नंतरच्या व्हेरिटोला चालणार नाही, कारण तेव्हा तोंड बदलले. व्हाइबचा मागचा दिवा वेगळा, मागची काच वेगळी.

सीट कव्हरवाल्यांनी कागदी फर्म्यावर दोन्ही नावे लिहून ठेवावीत. एकच फर्मा ‘लोगन’ म्हणून एका खणात आणि ‘व्हेरिटो’ म्हणून दुसऱ्या खणात पडलेला असतो, आणि कारागीर गाडी आली की पुन्हा माप घेत बसतो.

‘चाचा, ही महिंद्रची आहे ना? मग भाग बोलेरोवाल्याकडे मिळतील ना?’ असे गिऱ्हाईक विचारते. बिल्ला महिंद्रचा आहे म्हणून बोलेरोचे काहीही तिला लागत नाही. उलट आपल्याकडे न थांबता पुढे गेलेल्या रेनोच्या गाडीवाल्याचा माल तिला लागू शकतो. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा दुकानदार ते गिऱ्हाईक बांधून ठेवतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्या किंवा दलाली करणाऱ्या वाचकांनी एकच गोष्ट पाहावी : भागीदारी मोडली तेव्हा डाय कोणाकडे राहिले? प्यूजो ३०९ मध्ये गाडी बंद झाली आणि मागे धरून ठेवणारा कोणी उरला नाही. लोगनमध्ये डाय नाशिकला राहिले आणि महिंद्रची सेवा केंद्रे चालू राहिली. २०१० मध्ये ‘रेनो गेली, आता भाग मिळणार नाहीत’ अशी आवई उठली, तेव्हा लोगनचा भाव पडला. त्या वेळी ज्यांनी पडेल भावात नीट गाड्या उचलल्या त्यांनी नाव न पाहता साचा पाहिला होता. शोरूममध्ये नवी गाडी घेणाऱ्यासाठी मात्र माझे मत वेगळे आहे. जुने मॉडेल जुन्या मॉडेलच्या भावात मिळत असेल तर ते वाईट नाही. दुरुस्ती सोपी, भाग मुबलक, खोडी सगळ्यांना माहीत. पण नव्याचा भाव मागत असतील तर विक्रेत्याला सरळ विचारावे की हे मॉडेल मूळ कंपनीने केव्हा आणले, आणि तिकडे अजून चालू आहे का. उत्तर टाळले तर किमतीवर घासाघीस करायला जागा आहे असे समजावे.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले, त्याआधीच व्हेरिटोचा बाजार आटपला होता. तिचा एक भाऊ मात्र अजून भेटतो. महिंद्रने २०१६ मध्ये याच सांगाड्यात बॅटरी आणि मोटर घालून ‘ई-व्हेरिटो’ काढली होती आणि त्यातल्या काही सरकारी खात्यांत चालल्या. अशा गाड्या लिलावात निघाल्या तर त्यांत इंजिन, सायलेन्सर आणि डिझेल टाकी नसेल, हे भाव लावताना ध्यानात ठेवावे. दारे, काचा, दाराची कुलपे, सीटचे सांगाडे हे मात्र लोगनवाल्यालाही उपयोगी पडू शकतात. बॅटरीला हात लावण्याआधी तिचे काम जाणणारा माणूस बोलवावा. ती साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीसारखी तोडायची वस्तू नाही.